कॅमेऱ्यातला आरसा : डी७०० ते झेड९

छायाचित्रणाविषयी मराठीत जे लेखन माझ्या वाचनात आले, त्यात छायाचित्रकार भरपूर आहेत, गाजलेली छायाचित्रे आहेत, जुन्या मुंबईतले स्टुडिओ आहेत. ज्या यंत्राने हे सगळे घडवले त्याच्या पोटात डोकावणारे मात्र फार थोडे. प्रस्तुत लेख त्या यंत्राच्या एकाच भागाविषयी आहे. हा भाग म्हणजे कॅमेऱ्याच्या तोंडाशी पंचेचाळीस अंशांत तिरका बसवलेला, लहानसा आरसा. अनेक दशके व्यावसायिक कॅमेरा म्हटला की हा आरसा गृहीत धरला जाई. गेल्या पंधरा वर्षांत तो गेला.

हा बदल मी दोन यंत्रांच्या आधारे मांडणार आहे. पहिले निकॉनचे डी७००, जुलै २००८ मध्ये जाहीर झालेले. वीरगळ, गद्धेगाळ आणि देवळांतले कोरीव लेख टिपण्यासाठी गेली बारा वर्षे मी हेच वापरतो. घेतले तेव्हाही ते दुसऱ्या हाताचेच होते. दुसरे त्याच कंपनीचे झेड९, २८ ऑक्टोबर २०२१ रोजी जाहीर झालेले. ते माझ्या भाच्याचे. तो पुण्यात लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. मुहूर्त नसलेल्या दिवसांत त्याने ते मला आठ दिवस दिले आणि त्यांतले दोन दिवस तो स्वतः माझ्याबरोबर हिंडलाही.

अशी तुलना सहसा आकड्यांवर चालते. मेगापिक्सेल किती, सेकंदाला फ्रेम किती, वजन किती. आकडे मीही देणार आहे. पण लेख वाचणाऱ्या माणसाची खरी अडचण वेगळी असते. छायाचित्र घेताना मी जे पाहिले आणि फाइलमध्ये जे उतरले, ते एकच आहे का? दहा वर्षांनी माझ्या छायाचित्रावरून कोणी एखादे अक्षर नव्याने वाचायला बसला, तर त्याच्यासमोर दगड असेल की यंत्राने दगडाविषयी केलेला तर्क? आरशाच्या जाण्याने या प्रश्नाचे उत्तर बदलले, असे माझे म्हणणे आहे.

आधी आरसा आला कुठून ते पाहू. फिल्मच्याही आधी चित्रकार अंधारपेटी वापरत. भिंगातून आलेली प्रतिमा आरशावरून वर काचेवर पाडायची आणि कागद ठेवून गिरवायची, ही युक्ती जर्मनीत योहान त्सान याने १६८५ मध्येच मांडली होती. छायाचित्रणासाठी आरशाच्या कॅमेऱ्याचे पेटंट इंग्लंडच्या थॉमस सटन याने १८६१ मध्ये घेतले. गरज साधी होती. फिल्म किंवा रासायनिक काच ही अंधारात कोंडून ठेवायची वस्तू, तिच्यावर प्रकाश पडला की ती संपली. मग भिंग नेमके काय पाहते आहे हे छायाचित्रकाराला कळायचे कसे? भिंगामागे आरसा तिरका धरायचा, प्रकाश वर वळवायचा, पाहून झाले की आरसा उचलायचा आणि तोच प्रकाश फिल्मवर जाऊ द्यायचा.

ही कल्पना खिशात मावण्याजोगी व्हायला मात्र फार वेळ लागला. ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीचा किने एक्झाक्टा १९३६ मध्ये बाजारात आला, ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा. त्यात कमरेशी कॅमेरा धरून वरून वाकून पाहावे लागे आणि डावे-उजवे उलटे दिसे. माणूस डावीकडे धावला की कॅमेरा उजवीकडे नेण्याची बुद्धी होई. त्याच शहरात १९४९ मध्ये कॉन्टॅक्स एस निघाला. त्याच्या डोक्यावर काचेचा पंचकोनी लोलक होता, त्यामुळे दृश्य सुलटे आणि डोळ्याच्या उंचीवर आले. पण छायाचित्र घेतल्यावर आरसा वरच अडकून राही आणि पुढचे चित्र घेण्यासाठी कळ फिरवेपर्यंत डोळ्यासमोर काळोख. ती अडचण जपानच्या असाही कंपनीने १९५४ मध्ये दूर केली. त्यांच्या असाहीफ्लेक्समध्ये आरसा उठला की क्षणात आपोआप खाली येई. हे सगळे धागे एकत्र करून १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि वार्ताहराच्या गळ्यातली जागा त्याने पटकावली. माझ्या डी७००वर आजही त्याच वर्षी ठरलेल्या मापाची लेन्स-कडी आहे. कडीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर, आणि ते इतके असण्याचे कारण एकच. मध्ये आरशाला हलायला जागा हवी.

आता पुढचे पाऊल थोडे विचित्र आहे. फिल्म गेली आणि सेन्सर आला, तेव्हा आरशाचे मूळ कारणच संपले होते. सेन्सरवर प्रकाश पडला म्हणून तो खराब होत नाही. तो पुन्हा पुन्हा पाहू शकतो. पण कोडॅकने १९९१ मध्ये डिजिटल कॅमेरा व्यावसायिकांना विकायला काढला तो निकॉन एफ३च्याच बॉडीत सेन्सर बसवून. साठवणीची पेटी वेगळी, खांद्याला अडकवायची. १९९९ मध्ये निकॉनचा डी१ आला, २.७ मेगापिक्सेलचा. २००३ मध्ये कॅननचा ३००डी आला आणि अमेरिकेत हजार डॉलरच्या आतली किंमत लावून त्याने हौशी मंडळींना या वाटेवर आणले. या सगळ्यांत आरसा होताच. त्या काळचे सेन्सर सतत, झरझर चित्र पुरवण्याइतके चपळ नव्हते आणि पुरवले असते तरी ते नीट दाखवील असा इवलासा पडदा नव्हता. लेन्सा तर घरोघर पडूनच होत्या. वाड्याच्या जागी इमारत उठली तरी अंगणातली तुळस ठेवतात, तसा आरसा राहिला. फरक एवढाच, की तुळस कोणाच्या वाटेत येत नाही.

डी७००च्या आतला प्रकाशाचा प्रवास समजून घेतला की पुढचे सोपे जाते. लेन्समधून आलेला प्रकाश मुख्य आरशावरून वर जातो, दुधी काचेवर चित्र उमटते, लोलकातून ते डोळ्याला दिसते. हा आरसा मधोमध अर्धपारदर्शक असतो. त्यातून निसटलेला प्रकाश मागच्या एका छोट्या आरशावर पडतो आणि खाली, पेटीच्या तळाशी असलेल्या फोकसच्या संवेदकाकडे जातो. बटण दाबले की दोन्ही आरसे उचलले जातात, शटरचा पडदा उघडतो आणि प्रकाश अखेर सेन्सरपर्यंत पोचतो. म्हणजे पाहण्याची वाट एक, फोकस ठरवण्याची दुसरी आणि टिपण्याची तिसरी. तिन्ही अंतरे कारखान्यात केसाइतक्या अचूकतेने जुळवलेली. तरी ती हलतात. डी७००च्या मेन्यूत फोकस थोडा पुढे-मागे सरकवण्याची सोय दिलेली आहे. निर्मात्याने दिलेली ही कबुलीच समजावी.

शिवाय ज्याला आम्ही जुनी मंडळी अभिमानाने ‘खरे दृश्य’ म्हणतो, त्यालाही मर्यादा होत्या. डी७००चा व्ह्यूफाइंडर चौकटीचा ९५ टक्केच भाग दाखवतो. कडेला उभा राहिलेला गावकरी घरी आल्यावर संगणकावर दिसतो तो याचमुळे. दुधी काचही उजळ दिसावी अशी घडवलेली असते, त्यामुळे एफ/१.४ किंवा एफ/१.८च्या लेन्समधून खोलीची जी पुसट सीमा प्रत्यक्ष टिपली जाते ती डोळ्याला तशी दिसत नाही. आरसा खोटे बोलत नव्हता, पण सगळे सांगतही नव्हता.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. ज्या क्षणी छायाचित्र घेतले जाते, नेमक्या त्याच क्षणी आरसा वर असतो आणि छायाचित्रकाराला काहीही दिसत नाही. ही अंधारी सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी काळाची, पापणी लवावी तशी. पण विचार करा: निकॉन एफपासून पुढची अर्धी शतके, युद्धांची, क्रिकेटची, निवडणुकांची जी छायाचित्रे आपण पाहिली, त्यांतला नेमका क्षण ती घेणाऱ्याने व्ह्यूफाइंडरमधून पाहिलेला नाही. त्याने त्याच्या अलीकडचा पाहिला आणि पलीकडचा पाहिला. मधला यंत्राने पाहिला. कॅननने १९६५ मध्ये पेलिक्स नावाच्या कॅमेऱ्यात न हलणारा अर्धपारदर्शक आरसा लावून ही अंधारी टाळली, पण त्या आरशाने थोडा प्रकाश खाल्ला आणि कल्पना मागे पडली. २०१० मध्ये सोनीने ती पुन्हा काढून पाहिली.

आरसा खऱ्या अर्थाने काढला तो पॅनासॉनिकने, जी१ या कॅमेऱ्यात. तो जाहीर झाला सप्टेंबर २००८ मध्ये, माझ्या डी७००नंतर अवघ्या दोन महिन्यांनी. तेव्हा त्याला कोणी व्यावसायिकाने विचारले नाही. सेन्सर लहान, डोळ्यासमोरचा पडदा अडखळणारा. २०१३ मध्ये सोनीने ए७मध्ये पूर्ण ३५ मिलिमीटर आकाराचा सेन्सर आरशाविना बसवला. २०१७ मध्ये त्यांचाच ए९ आला आणि सेकंदाला वीस फ्रेम घेतानाही डोळ्यासमोरची अंधारी नाहीशी झाली. सेन्सरच्याच पाठीला स्मृतीचा थर चिकटवल्याने हे साधले; टिपलेले चित्र वाट पाहत थांबत नाही, तिथल्या तिथे उतरवून घेतले जाते. निकॉन आणि कॅनन दोघेही २०१८ मध्ये पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या या मैदानात उतरले. २०२०मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या छायाचित्रकारांसाठी सोनीची निवड केली, आणि त्याच वर्षी आरसाविरहित कॅमेऱ्यांची जगभरची रवानगी आरशाच्या कॅमेऱ्यांहून जास्त झाली. २०१२ मध्ये आरशाचे दीड कोटींहून अधिक कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले होते, हे लक्षात घेतले म्हणजे उताराचा वेग कळतो. अर्थात मोबाइलने दोघांचेही अंगण लहान केले, तो विषय निराळा.

माझ्या डी७००च्या तळाशी ‘मेड इन जपान’ असे छापले आहे. तो सेंदाईच्या कारखान्यात जुळवला गेला. भाच्याच्या झेड९वर थायलंडचे नाव आहे. २०११ हे साल दोन्ही ठिकाणांना जड गेले: मार्चमध्ये भूकंपाने सेंदाईचा कारखाना थांबवला, ऑक्टोबरात अयुथ्थयाचा कारखाना पुराखाली गेला. झेड९ जाहीर झाला त्याच वर्षी सेंदाईत कॅमेऱ्याच्या बॉडी बनवणे बंद झाले. आरसे, झडपा आणि लोलक जुळवणाऱ्या हातांचे काम कमी होणे आणि काम दुसऱ्या देशात जाणे, या दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या.

झेड९मध्ये आरसा तर नाहीच, यांत्रिक शटरही नाही. पडदा सेन्सरवरून जितक्या वेगाने सरकत असे, जवळपास तितक्याच वेगाने, म्हणजे सेकंदाच्या सुमारे २७०व्या भागात, सेन्सर स्वतःला वरपासून खालपर्यंत वाचून काढतो. मग पडदा हवा कशाला? कडीपासून सेन्सरपर्यंतचे अंतर १६ मिलिमीटरवर आले. फोकस सेन्सरच ठरवतो, त्यामुळे तीन वाटांची एक वाट झाली आणि पुढे-मागे जुळवण्याचे दुखणे जवळजवळ संपले. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते ती चौकट पूर्ण शंभर टक्के, आणि फाइलसाठी जाणाऱ्या चित्राबरोबर डोळ्यासाठी वेगळा प्रवाह चालू असल्याने टिपण्याच्या क्षणीही दृश्य तुटत नाही. हलत्या आरशाच्या कॅमेऱ्याला न साधलेली गोष्ट ही. फक्त आता डोळ्याला लागते ते दगडावरून आलेले ऊन नसते. ते ऊन मोजून, त्यावर हिशेब करून, पडद्यावर पुन्हा रंगवलेले चित्र असते.

याचा अर्थ काय, ते सातारा जिल्ह्यातल्या एका देवळात लक्षात आले. सभामंडपाच्या भिंतीत बसवलेला पाच ओळींचा देवनागरी लेख. वर्षानुवर्षांचे तेल, काजळी आणि शेंदूर. दाराकडून येणारा उजेड दुपारीही बेताचा. डी७०० इथे आंधळा होतो. त्याचा फोकस उणे १ ईव्ही इतक्या अंधारापर्यंतच चालतो, झेड९चा उणे ६.५पर्यंत. मी डी७०० तिपाईवर लावला, आरसा वर करून मागच्या पडद्यावर चित्र मोठे केले आणि हाताने फोकस केला. (जाता जाता : असे वापरताना डी७०० हा आरसाविरहित कॅमेराच असतो. पुढच्या युगाची खिडकी जुन्यात आधीच ठेवलेली होती.) झेड९ने तेच काम हातात धरून, क्षणात केले. व्ह्यूफाइंडरमधून देऊळ डोळ्याला दिसत होते त्याहून उजळ दिसत होते.

तिसऱ्या ओळीत एक झिजलेले अक्षर आहे. भाचा व्ह्यूफाइंडरला डोळा लावून म्हणाला, “मामा, इथे काना आहे की! स्पष्ट दिसतोय.” मी पाहिले. खरोखरच उभी, मऊ कडांची रेघ दिसत होती. कॅमेऱ्याच्या जेपेग फाइलमध्येही ती होती. एका कान्याने नाम बदलते, नामाने दान देणारा बदलतो, आणि ते एकदा छापून आले की पुढचे तीन लेखक तेच उचलतात.

कोरलेली रेघ आणि डाग यांत फरक करण्याची रीत जुनीच आहे. दिवा डावीकडून तिरका धरला की खाचेची डावी भिंत सावलीत जाते आणि उजवी उजळते. उजवीकडून धरला की उलट होते. डागाला भिंती नसतात, तो दोन्हीकडून सारखाच दिसतो. टॉर्च दोन्ही बाजूंनी धरून दोन्ही कॅमेऱ्यांनी कच्च्या, म्हणजे रॉ फाइल घेतल्या. शेजारच्या अक्षरांची सावली दर वेळी बाजू बदलत होती, या रेघेची नाही. ती तेलाच्या ओघळाची कड होती. डी७००च्या फाइलमध्ये ती तशीच, ओबडधोबड, दाणेदार दिसते. झेड९च्या रॉ फाइलमध्येही तशीच दिसते. कान्याचे रूप तिला आले ते फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये आणि जेपेगमध्ये, कारण अंधारातले दाणे पुसून रेघा सलग करण्याचे काम कॅमेऱ्याने तिथे आधीच करून ठेवले होते. डी७००चे जेपेगही दाणे पुसते, नाही असे नाही. पण त्याचा व्ह्यूफाइंडर हिशेब करत नाही. दगड अंधारात असेल तर तो अंधारच दाखवतो आणि बघणाऱ्याला टॉर्च आणायला लावतो.

मेगापिक्सेलचा हिशेबही इथेच करून टाकू. डी७००ची चौकट ४२५६ बाय २८३२ बिंदूंची, झेड९ची ८२५६ बाय ५५०४. बिंदू पावणेचार पट, पण रुंदीत दुपटीलाही थोडे कमी. साठ सेंटिमीटर रुंदीचा लेख चौकटीत बसवला, तर डी७०० दर मिलिमीटरला सुमारे ७ बिंदू देतो आणि झेड९ सुमारे १४. छिन्नीची खाच तीन मिलिमीटरची धरली तर पहिल्यात तिच्या वाट्याला एकवीस बिंदू येतात. अक्षर वाचायला एवढे पुरतात. बेचाळीस बिंदूंनी खाच अधिक सुबक दिसते, पण दिवा समोरून मारला असेल तर दोन्हींत ती दिसत नाही. डॉ. शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ १९६३ मध्ये निघाला. त्या पिढीच्या अभ्यासकांना ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून, शाई फिरवून घेतलेल्या ठशांचा मोठा आधार होता. ठसा खाचेला प्रत्यक्ष स्पर्श करतो. माझ्या मते आजचा कोणताही कॅमेरा ठशाच्या त्या गुणाची बरोबरी दिव्याच्या कोनातूनच करू शकतो.

झेड९ची एक देणगी मात्र निर्विवाद आहे, ती म्हणजे शांतता. देवळात भजन चालू असताना डी७००चा आरसा खटकन वाजला की चार माना वळतात. झेड९मध्ये ऐकू येतो तो ‘क्लिक’ स्पीकरमधून वाजवलेला असतो, हवा तर बंद करता येतो. आम्ही बंद ठेवला होता. निघताना गुरव म्हणाले, “सर, काढलाच न्हाई का फोटो? आवाज तर आला न्हाई.”

खर्चाविषयी थोडे. डी७००चा थोरला भाऊ डी३ हा २००७ मध्ये अमेरिकेत पाच हजार डॉलरला आला होता, झेड९ साडेपाच हजारांना. व्यावसायिक कॅमेऱ्याची किंमत चौदा वर्षांत फारशी हललेली नाही. आपल्याकडे झेड९ पावणेपाच लाखांच्या घरात आला. हे माझ्यासारख्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पदरमोड करून काम करणाऱ्या बहुतेकांच्याही. विजेची भूकही वेगळी. कंपनीच्याच मोजणीने डी७०० एका चार्जवर हजार छायाचित्रे काढतो, झेड९ त्याहून मोठी बॅटरी घेऊन सातशेच्या आसपास. डोळ्यासमोरचा पडदा सतत पेटता ठेवावा लागतो ना. दिवसभर डोंगरावर असताना हे जाणवते. माझी ६० मिलिमीटरची जुनी मायक्रो लेन्स जोडणी लावून झेड९वर बसते, पण तिला फिरवणारी मोटर डी७००च्या बॉडीत आहे आणि जोडणीत नाही, म्हणून तिथे ती हातानेच चालवावी लागते. शिलालेखासाठी त्याने काही बिघडत नाही. चित्र मोठे करून हाताने फोकस करायला झेड९ उलट अधिक सोयीचा आहे.

त्या आठ दिवसांनंतर मी माझ्या नोंदवहीचा साचा बदलला. पूर्वी गाव, देऊळ, लेखाचे माप, तारीख आणि फाइलचा क्रमांक एवढे लिहीत असे. आता दिवा कोणत्या बाजूने आणि अंदाजे किती अंशांवर धरला होता, तो एक रकाना. अक्षर प्रथम डोळ्यांनी दगडावर दिसले की पडद्यावर, तो दुसरा. जेपेग पाहण्यापुरते ठेवतो, वाचन रॉवरून करतो, आणि कोणी झेड९ किंवा तत्सम कॅमेरा घेऊन बरोबर आले तर त्यातली आकार घटवण्यासाठी काही तपशील सोडणारी रॉची पद्धत बंद करून घेतो. भाच्याने परवा त्याच देवळातली आणखी चाळीस छायाचित्रे पाठवली. त्यांतल्या एकोणतिसांत दुसरा रकाना मला रिकामा ठेवावा लागला आहे.